माणगाववरून जाणारी वेगवान गाडी : कोकण रेल्वेवरील वेगाचा मागोवा

मुंबई ते मडगाव वंदे भारत एक्स्प्रेस २७ जून २०२३ रोजी सुरू झाली. पंतप्रधानांनी भोपाळहून तिला हिरवा झेंडा दाखवला. उद्‌घाटन खरे तर ३ जूनला व्हायचे होते, पण आदल्या संध्याकाळी ओडिशात बालासोरजवळ भीषण अपघात झाला आणि कार्यक्रम पुढे गेला. भारतीय रेल्वेच्या नव्या पिढीतील ही गाडी ताशी १६० किलोमीटरने धावण्यासाठी बांधलेली आहे. कोकणात मात्र तिला १२० ची मर्यादा आहे. मुंबई ते मडगाव हे सुमारे ५८० किलोमीटरचे अंतर ती कोरड्या दिवसांत पावणेआठ तासांच्या आसपास कापते, म्हणजे सरासरी वेग ताशी ७५ किलोमीटर पडतो. पावसाळी वेळापत्रकात तिला सुमारे दहा तास लागतात. श्रीवर्धन तालुक्याला जवळचे स्थानक माणगाव. तिथे ही गाडी थांबत नाही.

गाडीची क्षमता, तिचा प्रत्यक्ष वेग आणि तिचा थांबा या तीन गोष्टी एकमेकींशी जुळत नाहीत. त्याची कारणे कोकण रेल्वेच्या आखणीपासून सुरू होतात.

रेल्वे येण्याआधी श्रीवर्धनचा मुंबईशी संबंध समुद्रावरून होता. १९४८ पर्यंत हा भाग जंजिरा संस्थानात होता. उत्तरेला राजपुरीची खाडी, दक्षिणेला सावित्रीची खाडी आणि पाठीशी डोंगर असल्यामुळे मुंबईला जायचे तर पडाव किंवा आगबोट हाच सोयीचा मार्ग होता. पावसाळ्यात दर्या खवळला की किनाऱ्यावरच्या बंदरांची आगबोट बंद होई आणि माणसे गावातच अडकून पडत. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडून सहाशेहून अधिक माणसे गेली, तेव्हा या प्रवासातला धोका साऱ्या महाराष्ट्राला कळला. पुढे रस्ते झाले, खाड्यांवर पूल आले, एसटी गावोगाव पोचली. तरीही मुंबईची वाट लांबचीच राहिली.

कोकणात रेल्वे यावी ही मागणी फार जुनी. अ. ब. वालावलकरांनी तिचा आयुष्यभर ध्यास घेतला, बॅरिस्टर नाथ पै यांनी ती संसदेत लावून धरली आणि राजापूरचे खासदार मधु दंडवते १९७७ ते १९७९ या काळात रेल्वेमंत्री झाले तेव्हा तिला सरकारदरबारी वजन आले. रूळ मात्र तुकड्यातुकड्यानेच सरकले. दिवा ते पनवेल हा मार्ग १९६० च्या दशकाच्या मध्यावर झाला, नंतर तो आपट्यापर्यंत वाढला, आणि रोह्याला गाडी पोचायला १९८६ साल उजाडले. रोह्याच्या पुढे सारे काम नव्याने करायचे होते.

१९९० मध्ये जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना त्यासाठी कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले आणि ई. श्रीधरन त्याचे प्रमुख झाले. भांडवलात रेल्वेचा वाटा ५१ टक्के होता. महाराष्ट्राने २२, कर्नाटकाने १५, गोवा व केरळ यांनी प्रत्येकी ६ टक्के उचलले. भागभांडवलापलीकडचा पैसा रोख्यांतून उभा राहिला. कोकणातील वेगाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा निर्णय याच टप्प्यावर झाला. रोहा ते मंगळूरजवळचे ठोकूर हा ७४१ किलोमीटरचा मार्ग ताशी १६० किलोमीटर वेग पेलेल असा आखायचा, असे ठरले. त्या वेळी देशात इतक्या वेगाने धावणारी एकही प्रवासी गाडी नव्हती. राजधानी १९६९ मध्ये १२० च्या वेगाने सुरू झाली होती, शताब्दीने १९८८ नंतर तो थोडा वाढवला होता. अशा काळात सह्याद्रीच्या पायथ्याशी, ओढे, खाड्या आणि डोंगरसोंडा ओलांडत जाणाऱ्या मार्गासाठी १६० चा आग्रह धरणे हे मोठे धाडस होते.

या आग्रहाची किंमत भूमितीतून मोजावी लागते. वळणावर गाडीला बाहेर ढकलणारा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट करायचा तर तेवढ्याच सुरक्षिततेसाठी वळणाची त्रिज्या चौपट ठेवावी लागते. म्हणून कोकण रेल्वेवर १,२५० मीटरपेक्षा कमी त्रिज्येचे वळण घ्यायचे नाही आणि चढ दीडशेला एकपेक्षा तीव्र ठेवायचा नाही, असा दंडक घातला गेला. बोरघाटात हाच चढ सदतीसला एक आहे आणि तिथे गाडीला मागून इंजिने लावावी लागतात. डोंगराला वळसा घालायची मुभा नाही म्हटल्यावर डोंगर फोडणे आणि दऱ्या पुलांनी ओलांडणे एवढाच मार्ग उरला. त्यातून ९१ बोगदे आणि लहानमोठे सुमारे दोन हजार पूल झाले. रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे आणि पानवल नदीवरचा पूल ६४ मीटर उंचीवर आहे. कठीण खडकातल्या बोगद्यांसाठी स्वीडनहून यंत्रे आणावी लागली. पेडण्यासारख्या मऊ मातीच्या ठिकाणी त्यांचाही उपयोग झाला नाही. तिथे माती पुन्हा पुन्हा ढासळली आणि मार्ग पुरा होण्याची तारीख त्या एका बोगद्याने लांबवली.

रोहा ते वीर हा उत्तरेकडचा पहिला तुकडा जून १९९३ मध्ये खुला झाला आणि माणगावला पहिल्यांदा रेल्वे आली. संपूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी सुरू झाला. कोकणातील वेगवान गाडीचा जन्म गाडीच्या कारखान्यात झाला नाही, तो या आखणीच्या नकाशावर झाला. पुढे आलेल्या प्रत्येक नव्या गाडीने याच वळणांचा आणि याच चढांचा लाभ घेतला.

सरळ आखणीची दुसरी बाजूही लक्षात घ्यावी लागते. रूळ जितके सरळ, तितके ते किनाऱ्यापासून आत सरकले, कारण समुद्रालगत खाड्यांची मुखे रुंद आहेत आणि डोंगरसोंडा थेट पाण्यात उतरतात. मुरूड, श्रीवर्धन, दापोली, गुहागर, मालवण अशी किनाऱ्यावरची जुनी गावे मार्गापासून दूर राहिली. श्रीवर्धनहून म्हसळामार्गे माणगाव सुमारे ४५ ते ५० किलोमीटर पडते, आणि तो रस्ता घाटवळणांचा असल्यामुळे एसटीला दीड-दोन तास लागतात.

सुरुवातीच्या वर्षांत धावणारे डबे चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीचे जुन्या घडणीचे होते. त्यांची मजल ताशी ११० किलोमीटरच्या आसपास संपत असे. कोकणकन्या, मांडवी, मत्स्यगंधा आणि नंतर आलेली मडगाव जनशताब्दी या गाड्यांनी चाकरमान्यांचा प्रवास बदलून टाकला. मुंबईहून एका रात्रीत रत्नागिरी-सिंधुदुर्ग गाठता येऊ लागले. मार्ग १६० चा आहे, तेव्हा वेग वाढतच जाईल अशी अपेक्षा त्या वेळी होती.

ती अपेक्षा पावसाने मोडली. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ बोगद्याच्या तोंडाशी रुळांवर आलेल्या दरडीवर कारवारहून मुंबईला जाणारी विशेष गाडी आदळली आणि पन्नासहून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. पुढच्याच वर्षी, १६ जून २००४ रोजी, रायगड जिल्ह्यात करंजाडीजवळ आंबोली पुलापाशी मत्स्यगंधा एक्स्प्रेस घसरली. तिथेही कारण पावसात सुटलेला दगड हेच होते. सरळ मार्गासाठी डोंगरात खोल कापण्या घेतल्या होत्या, आणि जांभा दगड व लाल मातीच्या या कापण्या पाण्याने भिजल्या की सैल होत. वेगासाठी केलेली रचना वेगाच्या आड आली. या दोन अपघातांत गेलेल्या माणसांची किंमत देऊन कोकण रेल्वेने पावसाळ्याचे स्वतःचे शास्त्र उभे केले, आणि ते शास्त्र कोणत्याही नव्या गाडीइतकेच महत्त्वाचे आहे.

कापण्यांचे उतार कमी केले गेले, दगड अडवणाऱ्या पोलादी जाळ्या बसवल्या गेल्या, संरक्षक भिंती बांधल्या गेल्या. पावसाळ्यात सहाशेहून अधिक कर्मचारी रुळांवर दिवसरात्र गस्त घालतात. माणगावपासून उडुपीपर्यंत नऊ स्थानकांवर पाऊस आपोआप नोंदवणारी यंत्रे आहेत, आणि पाऊस ठरावीक पातळीच्या वर गेला की संबंधित भागात सावधगिरीचा हुकूम निघतो. माणगाव ते वीर दरम्यानची काळ नदी, वीरच्या पुढची सावित्री आणि चिपळूणची वाशिष्ठी या नद्यांच्या पुलांवर पाण्याची पातळी वाढल्याचा इशारा देणारी यंत्रणा बसवली आहे. उंच पुलांवर वारा मोजला जातो. दरवर्षी जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पावसाळी वेळापत्रक लागू होते. रायगड-रत्नागिरीच्या डोंगराळ पट्ट्यात कमाल वेग ताशी ७५ किलोमीटरपर्यंत खाली येतो आणि अतिवृष्टीत तो ४० वर आणला जातो.

हे आकडे ठरवण्यामागचे गणित साधे आहे. ब्रेक लावल्यावर गाडी थांबायला लागणारे अंतरही वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलते. १२० ऐवजी ७५ चा वेग ठेवला तर ते अंतर निम्म्याहूनही कमी होते, आणि ४० चा ठेवला तर साधारण नवव्या हिश्श्यावर येते. धुके, पाऊस आणि कापणीचे वळण यांमधून लोको पायलटला समोरचा दगड जितक्या अंतरावर दिसेल, तितक्या अंतरात गाडी थांबली पाहिजे. म्हणून जुलै महिन्यात दहा तास घेणाऱ्या वंदे भारतला संथ म्हणून नावे ठेवणे अन्यायाचे आहे. ती अगदी हवी तशीच धावत असते.

याच काळात कोकण रेल्वेने गाडीच्या पुढच्या पिढीचे स्वतःचे प्रयोगही केले. व्यवस्थापकीय संचालक बी. राजाराम यांच्या पुढाकाराने दोन गाड्यांची टक्कर टाळणारे ‘रक्षा कवच’ हे उपकरण तयार झाले. रेल्वेसुरक्षेत देशी तंत्र उभे करण्याच्या त्या आरंभीच्या प्रयत्नांना मान द्यायला हवा. राजारामांचाच दुसरा प्रयोग ‘स्कायबस’चा होता. उंच खांबांवरच्या काँक्रीटच्या पेटीत रूळ आणि डबा खाली लोंबकळता, अशी ती शहरी गाडी होती. मडगावला सुमारे दीड किलोमीटरचा चाचणीमार्ग बांधला गेला. २५ सप्टेंबर २००४ रोजी चाचणीदरम्यान डबा खांबाला धडकून एका कर्मचाऱ्याचा मृत्यू झाला. पुढे प्रकल्प रेंगाळला आणि २०१३ मध्ये तो सांगाडा उतरवण्यात आला.

डब्यांची दुसरी पिढी जर्मनीच्या लिंके हॉफमान बुश कंपनीच्या घडणीची होती. रेल्वेत त्यांना एलएचबी डबे म्हणतात. कपूरथळ्याच्या कारखान्यात ते मोठ्या संख्येने तयार होऊ लागले. हे डबे ताशी १६० साठी योग्य आहेतच, शिवाय अपघातात एकमेकांवर चढत नाहीत. दरडींच्या मार्गावर हा गुण वेगापेक्षाही मोलाचा. २२ मे २०१७ रोजी तत्कालीन रेल्वेमंत्री सुरेश प्रभू यांनी मुंबई ते करमळी तेजस एक्स्प्रेस सुरू केली. आपोआप मिटणारे दरवाजे, प्रत्येक आसनामागे टीव्हीचा पडदा असा थाट देशात प्रथम कोकणात आला, याचे कोकणवासीयांना कौतुक वाटले. प्रभू स्वतः राजापूरचे माजी खासदार होते. तेजसचे डबे ताशी २०० किलोमीटरपर्यंत पेलतील असे सांगितले गेले, पण त्यांना ओढणारे डिझेल इंजिन आणि खालचा एकेरी मार्ग जुनाच होता. जनशताब्दीच्या तुलनेत वेळेची बचत त्यामुळे थोडीच झाली.

खरा बदल रुळांवर आणि तारांवर चालू होता. २०१५ नंतर विद्युतीकरण आणि रोहा-वीर दुहेरीकरण ही दोन कामे हाती घेण्यात आली. रोहा ते वीर हा सुमारे ४७ किलोमीटरचा पट्टा ऑगस्ट २०२१ मध्ये दुहेरी झाला. कोलाड, इंदापूर, माणगाव, गोरेगाव रोड ही स्थानके याच पट्ट्यात येतात, म्हणजे श्रीवर्धनला जवळचा रेल्वेमार्ग हाच कोकण रेल्वेचा पहिला दुहेरी भाग ठरला. संपूर्ण मार्गाचे विद्युतीकरण मार्च २०२२ मध्ये पूर्ण झाले आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते राष्ट्राला अर्पण करण्यात आले. या तारा नसत्या तर वंदे भारत कोकणात येऊच शकली नसती.

वंदे भारतचा जन्म चेन्नईच्या त्याच कारखान्यातला, जिथे जुने निळे डबे बनत. सुधांशू मणी तिथे महाव्यवस्थापक असताना ‘ट्रेन १८’ या नावाने हे काम सुरू झाले आणि सुमारे १८ महिन्यांत, शंभर कोटी रुपयांच्या आसपास खर्चात, पहिली गाडी ऑक्टोबर २०१८ मध्ये बाहेर पडली. परदेशातून अशी गाडी विकत घेण्यापेक्षा हा खर्च पुष्कळ कमी होता. कोटा विभागातील चाचणीत तिने ताशी १८० चा वेग गाठला. १५ फेब्रुवारी २०१९ रोजी ती दिल्ली-वाराणसी मार्गावर रुजू झाली. सुधारलेली दुसरी आवृत्ती सप्टेंबर २०२२ मध्ये गांधीनगर-मुंबई मार्गावर आली आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबईहून सोलापूर व शिर्डीला. मडगावची गाडी त्यानंतरची.

या गाडीला वेगळे इंजिन नाही. ओढणाऱ्या मोटारी डब्यांच्या खाली वाटून बसवलेल्या असतात. एका इंजिनाच्या चाकांवर सारा भार न पडता जवळजवळ निम्म्या डब्यांची चाके गाडी पुढे नेतात, म्हणून ती झटकन वेग घेते. अधिकृत माहितीनुसार शून्यापासून ताशी १०० पर्यंत पोचायला तिला ५२ सेकंद पुरतात. ब्रेक लावताना याच मोटारी वीज तयार करून तारेत परत पाठवतात. मुंबईची लोकल तत्त्वतः अशीच चालते, आणि १९६४ मध्ये तोक्यो-ओसाका मार्गावर धावू लागलेली जपानची शिंकानसेनही याच तत्त्वावर उभी आहे. वारंवार थांबून पुन्हा धावावे लागणाऱ्या मार्गावर या रचनेचा लाभ सर्वाधिक होतो.

कोकण रेल्वे नेमकी तशी आहे. वीरच्या पुढे मार्ग अजूनही बहुतेक एकेरी आहे. समोरून येणारी गाडी जाऊ देण्यासाठी एका गाडीला स्थानकाच्या बाजूच्या रुळावर उभे राहावे लागते. मालगाड्या, केरळकडे जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्या, गणपती आणि होळीच्या जादा गाड्या या सगळ्यांची गुंफण त्या एका रुळावर करावी लागते. वंदे भारतसाठी वाट मोकळी ठेवायची तर दिवा-सावंतवाडीसारख्या सवारी गाड्या बाजूला थांबतात, आणि रोजच्या गावकरी प्रवाशाची वेळ वाढते. वेगवान गाडीने वाचवलेल्या वेळेचा काही भाग असा संथ गाड्यांच्या प्रवाशांकडून घेतलेला असतो. दुहेरीकरणाशिवाय हा तिढा सुटणार नाही. त्यासाठी लागणारा पैसा महामंडळाच्या ताकदीबाहेरचा आहे, आणि म्हणूनच ते भारतीय रेल्वेत विलीन करावे ही मागणी वाढत गेली. महाराष्ट्राने २०२५ मध्ये त्याला संमती दिली.

माणगावच्या थांब्याचा प्रश्न इथेच येतो. श्रीवर्धन, हरिहरेश्वर, दिवेआगर, म्हसळा, तळा या साऱ्या पट्ट्याचे ते स्थानक आहे. मांडवी किंवा कोकणकन्येने मुंबईहून साधारण तीन तासांत माणगावला उतरता येते, पण तेजस आणि वंदे भारत पनवेल सोडल्यावर तिथून थेट पुढे निघून जातात. वेगवान गाडीला थांबे वाढवले की तिचा वेग संपतो, हा आक्षेप जुन्या इंजिनाच्या गाडीबाबत खराच होता. वंदे भारतबाबत त्याची धार कमी होते. थांबण्यात, दोन मिनिटे उभे राहण्यात आणि पुन्हा वेग घेण्यात मिळून तिची चारेक मिनिटे जातील. माणगाव दुहेरी मार्गावर असल्यामुळे समोरच्या गाडीसाठी ताटकळण्याचाही प्रश्न नाही. थांबा परवडावा अशी रचना ज्या गाडीची, तीच इथे थांबत नाही. पर्यटनावर आणि नारळी-पोफळीच्या बागांवर जगणाऱ्या, जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात ज्याच्या वाड्या आडव्या झाल्या त्या तालुक्याला या चार मिनिटांचे मोल मोठे आहे. थांब्याच्या जोडीला गाडीच्या वेळेवर सुटणारी एसटी हवी, नाहीतर रुळावर वाचलेला वेळ माणगावच्या आगारात जाईल.

शुद्ध अर्थाने अतिवेगवान म्हणावी अशी गाडी कोकणाच्या उत्तर भागात आकार घेत आहे. मुंबई-अहमदाबाद हा ५०८ किलोमीटरचा बुलेट ट्रेन मार्ग ताशी ३२० च्या वेगासाठी बांधला जात आहे. त्याची पायाभरणी १४ सप्टेंबर २०१७ रोजी झाली. महाराष्ट्रात त्याची वांद्रे-कुर्ला संकुल, ठाणे, विरार आणि बोईसर ही चार स्थानके आहेत. वांद्रे-कुर्ला ते शिळफाटा हा २१ किलोमीटरचा बोगदा असून त्याचे सुमारे ७ किलोमीटर ठाणे खाडीखालून जातात. या मार्गाचे रूळ वेगळ्या मापाचे आहेत, त्यामुळे ती गाडी कोकण रेल्वेवर येऊ शकत नाही. ताशी २८० किलोमीटरसाठी आखलेल्या देशी गाड्यांचे काम ऑक्टोबर २०२४ मध्ये बीईएमएल कंपनीला मिळाले, आणि लातूरचा डबे कारखाना शयनयान वंदे भारतसाठी निवडला गेला. रात्रीच्या प्रवासाची सवय असलेल्या कोकणाला या दुसऱ्या गाडीचा उपयोग अधिक होण्यासारखा आहे.

श्रीवर्धन तालुक्यात प्रत्यक्ष रूळ आणणारी योजना एकच पुढे आली आहे, ती दिघी बंदराला रोह्याशी जोडण्याची. सुमारे ३४ किलोमीटरचा हा मार्ग मालवाहतुकीच्या दृष्टीने आखलेला आहे. दिघी परिसरात औद्योगिक नगरी उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी दिल्यावर त्याची गरज वाढली आहे. त्यावर प्रवासी गाडी चालवायची असेल तर फलाट, सिग्नल आणि वळणांची मापे यांचा विचार आखणीच्या टप्प्यावरच व्हायला हवा. कोकण रेल्वेच्या बाबतीत १९९० मध्ये तो झाला होता, म्हणून तेहतीस वर्षांनी आलेल्या गाडीला नवा मार्ग बांधावा लागला नाही.